पाठीवरची शिवण



गेल्या दोन भाषणांत बँकेची कागदपत्रं झाली, गांडूळखत झालं. आज हप्ता नाही आणि व्याजही नाही. आज आम्ही चिलटांबद्दल बोलणार आहोत, आणि चिलटांपासून निघून बाळाच्या पाठीपर्यंत जाणार आहोत. वाट जरा लांबची आहे. हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढे इकडे द्या.

त्याचं झालं असं. दिवाळीनंतरच्या गटाच्या बैठकीला आमच्या खजिनदार ताईंची मुलगी आली होती. ती पुण्यात एम.एस्सी. करते. तिची आजी सगळ्यांसमोर म्हणाली, "एवढी फी भरून पोरगी चिलटं पाळायला शिकतीय. चिलटं काय, आपल्या केळ्यावर फुकट होती." सगळ्या हसल्या, मुलगीही हसली. तेवढ्यात मागं भिंतीला टेकून बसलेल्या एका वहिनीनं तोंड उघडलं. ही वहिनी एरवी बैठकीत सहीपुरतीच असते. ती म्हणाली, "पोटात बाळाची पाठ कशी जुळते, ते त्या चिलटात दिसतं का गं?"

हसणं थांबलं. कारण वहिनीचा मुलगा जन्मला तेव्हा त्याच्या कमरेवर, पाठीच्या मधोमध उघडी गाठ होती. मणका तिथं मिटलेलाच नव्हता. ऑपरेशन झालं. आता तो सात वर्षांचा आहे, पायात पट्ट्यांचे बूट घालून शाळेत जातो, पाढे घडाघडा म्हणतो. पण घरात सात वर्षं एकच बोलणं चालू आहे, की हिनं ग्रहणात सुई हातात घेतली. सातव्या महिन्यात ग्रहण होतं आणि ही ब्लाउजला हूक लावत बसली, म्हणून पोराची पाठ उसवली. हे सगळं आम्ही तिला विचारून सांगतोय. नाव सांगणार नाही, आणि तुम्हीही कोण ते शोधायला जाऊ नका.

मुलगी म्हणाली, "दिसतं, वहिनी. माशीची पाठ शिवली जाते ती आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी बघतो."

सहाला संपायची बैठक त्या दिवशी आठला संपली. नंतरचे दोन रविवार आम्ही तिच्यापुढं वही घेऊन बसलो. आमचं शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन, त्यामुळे एकेक गोष्ट तिला तीन-तीनदा सांगावी लागली. त्या वहीतलंच आज सांगतोय.

आधी माशी. आंब्याला, कारल्याला डंख मारणारी, जिच्यासाठी आपण कामगंध सापळे टांगतो, ती फळमाशी वेगळी. ही तिच्याहून बारीक, तिळाएवढी, तांबड्या डोळ्यांची. पिकलेल्या केळ्यावर घिरट्या घालते ती. हिलाही फळमाशीच म्हणतात, शास्त्रातलं नाव ड्रोसोफिला. हिचं अंडं अर्ध्या मिलिमीटरचं. २५ अंशांच्या उबेत एका दिवसात अळी बाहेर पडते आणि दहाएक दिवसांत नवी माशी तयार. पिढ्या झटपट होतात आणि खर्च केळ्यापुरता. म्हणून शंभराहून जास्त वर्षं शास्त्रज्ञ हिला पाळतायत. न्यूयॉर्कला थॉमस हंट मॉर्गन यांनी दुधाच्या बाटल्यांत या माश्या वाढवल्या आणि आईबापांचे गुण पोरांत कसे उतरतात ते शोधलं. १९३३ साली त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे आजीबाईंची नात काही पहिलीच नाही.

आता धागा. आपलं सगळं अंग पेशींचं बनलेलं आहे आणि जवळजवळ प्रत्येक पेशीत ॲक्टिन नावाचं प्रथिन असतं. १९४२ च्या सुमारास हंगेरीत सेगेड गावी ब्रुनो स्ट्राउब यांनी ते सशाच्या स्नायूतून वेगळं काढलं. हे फक्त स्नायूत नसतं, सगळीकडे असतं, ते पुढं कळलं. सुटं असताना ॲक्टिन मण्यासारखं असतं. मणी एकामागं एक जुळले, की दोन सरांना पीळ घातलेली पोत असावी तसा धागा तयार होतो. किती बारीक? आपल्या एका केसाच्या जाडीत असे दहाएक हजार धागे शेजारी शेजारी मावतील. आणि ही पोत आपल्या गळ्यातल्या पोतीसारखी कायमची नसते. एका टोकाला मणी लागत असतात, दुसऱ्या टोकाचे गळत असतात. गरज लागली की धागा उभा राहतो, काम झालं की मोडतो.

माशीत ॲक्टिनची जनुकं सहा, माणसातही सहा. आणि माशीचा मणी नि आपला मणी ठेवला शेजारी, तर फरक शोधावा लागेल.

मग मणी सगळीकडे सारखाच असेल, तर कुठं पाठ, कुठं पंख, कुठं केस कसा होतो? आम्ही हाच प्रश्न विचारला. मुलगी म्हणाली, दोरा सगळ्या शिंपिणींकडे सारखाच असतो की. इथं शिंपिणी म्हणजे दुसरी प्रथिनं. ॲक्टिन कुठं ओवायचं, किती लांब, कधी थांबायचं, हे ती ठरवतात. प्रोफिलिन नावाचं प्रथिन सुटे मणी ओवण्याजोगे करून पुढं सरकवतं. डायफॅनस धाग्याला सुरुवात करून देतं आणि टोक धरून तो सरळ लांबवत नेतं. सात प्रथिनांची मिळून एक टोळी आहे, आर्प-दोन-तीन. ती चालू धाग्याला बाजूनं फांदी फोडते, मग दोरीऐवजी जाळी होते. एक प्रथिन टोकाला टोपी घालतं, की पुढं मणी लागत नाही. एनेबल्ड नावाचं दुसरं ती टोपी बसू देत नाही. दोघांचं कायमचं भांडण, आणि त्या भांडणातून धाग्याची लांबी ठरते. कोफिलिन जुना धागा तोडतं म्हणजे मणी परत डब्यात. फॅसिन धाग्यांची मोळी बांधतं. आणि मायोसिन धागे धरून ओढतं. नावं लक्षात ठेवू नका, कुणी परीक्षा घेणार नाही. आमच्याही लक्षात राहिली नव्हती, वहीत बघूनच सांगतोय.

आम्हाला सगळ्यात भावली ती अंड्याची गोष्ट. माशीच्या पोटात अंडं तयार होताना एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार, चाराच्या आठ, आठाच्या सोळा. पण या सोळा जणी पूर्ण वेगळ्या होत नाहीत. मधे गोल खिडक्या राहतात आणि त्या खिडक्यांच्या कडा ॲक्टिननं बांधलेल्या असतात. सोळांतली एकच अंडं होते. बाकीच्या पंधरा तिच्या दाया. त्या रस तयार करतात, प्रथिनं तयार करतात आणि खिडक्यांतून तिला पुरवत राहतात. शेवटी तर अर्ध्या तासात आपल्यातलं उरलंसुरलं सगळं तिच्यात ओततात आणि स्वतः संपतात. तेवढ्यात अंडं दुपटीनं मोठं होतं.

आमच्या गटातही सोळाच जणी आहेत, त्यामुळे इथं बराच गोंधळ झाला. कोण अंडं नि कोण दाई यावर चेष्टा रंगली. पण खरी गोष्ट पुढं आहे. प्रत्येक दाईच्या मधोमध केंद्रक असतं, मोठं थोरलं. सगळं ओतायला सुरुवात झाली की ते केंद्रकही रसाबरोबर वाहत खिडकीकडे जाणार आणि भोकात बुचासारखं बसणार. मग पुरवठा बंद. म्हणून ओतण्याआधी दायांच्या आत ॲक्टिनच्या जाड दोऱ्या उभ्या राहतात. त्या चहूबाजूंनी केंद्रकाला धरून ठेवतात, दाव्यानं बैल खुंट्याला बांधावा तसं. या दोऱ्यांना प्रोफिलिन लागतं, मोळी बांधणारं फॅसिन लागतं आणि व्हिलिन नावाचं आणखी एक लागतं. १९९२ साली लिन कूली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की प्रोफिलिनच्या जनुकात बिघाड असलेल्या माशीत या दोऱ्या नीट होत नाहीत. केंद्रकं खिडक्यांत अडकतात, अंडं खुरटं राहतं आणि माशी वांझ ठरते.

वांझ म्हटल्यावर बैठकीतल्या दोघी-तिघी खाली बघायला लागल्या. आम्ही इथं थांबलो होतो, तुम्हीही थांबा. पंधरा दाया भरलेल्या होत्या, द्यायलाही तयार होत्या. अडलं होतं ते डोळ्यांना न दिसणाऱ्या एका दोरीपाशी.

पुढचं भराभर सांगतो. अंडं बाहेर पडलं, की आत केंद्रकांच्या दुपटी सुरू होतात, तेराव्या वेळेपर्यंत सहा हजारांच्या आसपास. पण मधे भिंतीच नाहीत. सहा हजार जणांचं बिऱ्हाड एकाच खोलीत. तिसऱ्या तासाला भिंती उतरायला लागतात आणि तासाभरात प्रत्येकाला स्वतःची खोली मिळते. त्याआधी प्रत्येक केंद्रकाच्या डोक्यावर ॲक्टिनचं टोपडं चढतं आणि भिंत आत ओढायलाही ॲक्टिनच लागतं. पुण्याच्या आयसर संस्थेत ऋचा रिखी यांचा गट याच टोपड्यांवर आणि भिंतींवर काम करत आलाय. आजीबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "बाई आहे का? मग नीट बघत असंल."

आता वहिनीचा प्रश्न.

अंडं घातल्यापासून दहा-अकरा तासांनी माशीचा गर्भ तयार दिसतो, पण पाठ उघडी असते. मधे डोळ्याच्या आकाराची फट, तिच्यावर पातळ पापुद्रा. दोन्ही बाजूंची कातडी पोटाकडून वर चढत येते आणि तिला पाठीच्या मध्यावर भेटायचं असतं. कातडीच्या काठावर ज्या पेशींची ओळ असते, त्या सगळ्या आपापल्या काठाला ॲक्टिनचा धागा उभा करतात. एकीचा धागा शेजारणीच्या धाग्याशी जोडलेला, असं करत फटीभोवती एक अखंड दोरी तयार होते. आपल्या आजीच्या पानसुपारीच्या बटव्याला असते ना नाडी, तशी. मायोसिन ती नाडी ओढतं, तोंड आवळत जातं. मधला पापुद्रा स्वतः आकसून मदत करतो. माशीतल्या मायोसिनच्या एका जनुकाचं नावच झिपर आहे. ते बिघडलं की चेन लागत नाही.

नाडीनं तोंड जवळ येतं, पण शिवण सरळ यायला हवी. ब्लाउजची बाही जोडताना खुणा जुळवाव्या लागतात, नाहीतर चुणी पडते. तसंच इथं. काठावरच्या पेशी ॲक्टिनची बारीक बोटं बाहेर काढतात. ही बोटं समोरच्या काठाला चाचपडतात, आपली जोडीदारीण ओळखतात, तिला धरतात आणि जवळ ओढतात. दोन्ही टोकांकडून मध्याकडे ही शिवण येत जाते. दोन-तीन तासांत पाठ मिटते. मग नाडीचं काम संपतं, धागा सुटतो. एनेबल्ड कमी पडलं तर बोटं नीट निघत नाहीत. डायफॅनस, मायोसिन किंवा त्यांना इशारा देणारी प्रथिनं बिघडली तर फट तशीच राहू शकते. माशी तीच, मणीही तेच, पण पाठ उघडी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मैत्रेयी नरसिंहा यांनी माशीच्या पाठीच्या या मिटण्यावरच वर्षानुवर्षं काम केलंय.

तुमचं विळीनं बोट कापतं तेव्हा कातडी भरून येते, तिथंही पेशी ॲक्टिनच्याच आधारानं सरकतात. न जन्मलेल्या गर्भाला जखम झाली तर तीही नाडी आवळावी तशीच मिटते. कोंबडीच्या गर्भात हे १९९२ सालीच दिसलं होतं.

आणि माणसाचं बाळ? त्याच्या पाठीवर सुरुवातीला एक सपाट पट्टी असते. तिच्या कडा वर उचलतात, पोळीची गुंडाळी करावी तशा वळतात, एकमेकींना भेटतात आणि नळी होते. त्या नळीचाच पुढं मेंदू आणि मज्जारज्जू होतो. माशीत मिटते ती कातडी, बाळात मिटते ती ही नळी. दोन्ही अगदी एक नाहीत, एवढं मुलीनं आम्हाला बजावून सांगितलंय. पण पट्टी वळायला पेशींनी एका बाजूनं आवळून निमुळतं व्हावं लागतं आणि आवळतं ते ॲक्टिन-मायोसिनच. उंदराच्या पिलात श्रूम नावाचं प्रथिन नसलं, तर हे आवळणं होत नाही आणि डोक्याकडची नळी उघडी राहते. १९९९ साली हे सिद्ध झालं.

ही नळी बाळात मिटते कधी? गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आत. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. कित्येकींना तेव्हा दिवस गेलेत हे माहीतही नसतं.

वहिनीनं बोटांवर मोजलं. दोनदा मोजलं. मग म्हणाली, "म्हणजे मी हूक लावायला बसले तेव्हा..."

"तेव्हा पाच महिने होऊन गेले होते, वहिनी. जे उघडं राहायचं होतं ते कधीच राहिलं होतं. सुईचा संबंध नाही."

ती काही बोलली नाही. पदर तोंडाला लावून बसली. शेजारच्या मावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला.

सासूबाईंना पटलं का, असं तुम्ही विचाराल. पूर्ण नाही. त्या म्हणतात, पाळायला काय जातं? आम्ही त्यांच्याशी वाद घातला नाही. ज्यांना पाळायचं त्यांनी पाळावं. पण पोटुशी बाईला ग्रहणात पाणीसुद्धा द्यायचं नाही, हे आम्हाला मान्य नाही. आणि बाळात काही कमी निघालं की सुईचा नि विळीचा हिशेब आईकडं मागायचा, हे तर नाहीच नाही.

आता गोळीबद्दल. फॉलिक ॲसिड नावाचं जीवनसत्त्व शरीरात पुरेसं असलं, तर नळी उघडी राहण्याचा धोका बराच कमी होतो. आधी असं बाळ झालेल्या आयांवर बऱ्याच देशांत मिळून एक मोठी चाचणी झाली होती. तिचा निकाल १९९१ साली आला. गोळी घेणाऱ्यांत पुन्हा तसं बाळ होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटला होता. पण ही गोळी दिवस जायच्या आधीपासून पोटात जायला हवी, कारण चौथा आठवडा वाट बघत नाही. आशाताई लग्न झालेल्या बायांना आठवड्याला एक लाल गोळी देतात ना, जी आपण देव्हाऱ्यामागच्या डब्यात ठेवून विसरतो, त्यात लोहाबरोबर हेच फॉलिक ॲसिड असतं. ज्यांना आधी असं बाळ झालंय त्यांना जास्त मात्रा लागते. ती डॉक्टरांनी ठरवायची, आपण चार गोळ्या एकदम गिळायच्या नाहीत. मधुमेह असेल किंवा फिट्सचं औषध चालू असेल, तर मूल हवं असं ठरवतानाच डॉक्टरांना सांगा. फिट्सच्या काही औषधांनी हा धोका वाढतो. तरी औषध मनानं बंद करू नका.

यात आम्हाला एक भीती वाटते, तीही बोलून टाकतो. उद्या ग्रहण जाईल आणि त्या जागी गोळी येईल. "हिनं गोळी खाल्ली नाही म्हणून" असं सुरू होईल. तसं करू नका. सगळ्या गोळ्या घेऊनही काही बाळांची नळी मिटत नाही. एवढ्या प्रथिनांपैकी कुणी, कुठल्या तासाला कमी पडलं, ते पुष्कळदा कुणालाच सांगता येत नाही.

एक राहिलंच. माशीच्या गर्भात कुठलं जनुक बिघडलं तर काय बिनसतं, याची पहिली मोठी पाहणी जर्मनीत हायडेलबर्गला झाली. क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड या बाई आणि एरिक विशाउस, दोघं एकाच सूक्ष्मदर्शकाला समोरासमोर डोळे लावून बसायची. १९९५ साली दोघांना नोबेल मिळालं, एडवर्ड लुईस यांच्याबरोबर. या बाईंनी २००४ मध्ये एक संस्था काढली. ती संस्था लहान मुलं असलेल्या तरुण संशोधक बायांना पैसे देते, आणि ते कशासाठी? घरकामाला, मुलं सांभाळायला माणूस ठेवता यावं म्हणून. आम्ही हे बैठकीत सांगितल्यावर अध्यक्ष ताई म्हणाल्या, "नोबेलवाल्या बाईलाबी धुणीभांडी कळलीच म्हणायची." बाईंनी स्वयंपाकाचं एक पुस्तकही लिहिलंय.

आजीबाईंचा प्रश्न मात्र शेवटपर्यंत तोच होता, की केळ्यावरची चिलटं घालवायची कशी? तर साली त्याच दिवशी खतात टाका, पिकलेलं फळ फडक्याखाली ठेवा. बाटलीत थोडं गुळाचं आंबलेलं पाणी घाला आणि तोंडाला कागदाचा शंकू बसवा. आत जातात, बाहेर यायची वाट सापडत नाही. त्यातली एखादी भिंगाखाली धरून बघा. पाठीवर आखूड काळे केस उभे दिसतील. ते केसही ॲक्टिनच्या मोळ्यांवर वाढलेले असतात. फॅसिनच्या जनुकात बिघाड असलेल्या माशीचे केस होरपळल्यासारखे वाकडेतिकडे होतात, म्हणून इंग्रजीत त्या जनुकाला होरपळलेलं असंच नाव आहे. आजीबाईंनी नातीचं भिंग घेऊन पाहिलं, सरळ होते.

पुढच्या आठवड्यात याच वेळी आशाताई आपल्यासोबत असतील. गोळ्यांबद्दल काही विचारायचं असेल तर ग्रामसंघाच्या वहीत लिहून ठेवा. नमस्कार.